कोरडा ओढा आणि अचानक आलेला पूर: वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की या पानावर पुराचे प्रश्न येतातच, यंदा मात्र पंचगंगेपेक्षा वाळवंटातल्या पुराबद्दलच जास्त विचारलंय. आपली पोरं अमेरिकेत शिकायला आहेत, कितीतरी घरातली माणसं गल्फमध्ये कामाला आहेत आणि ऑगस्टच्या सुट्ट्या जोडून राजस्थान नाहीतर लडाखच्या ट्रिपा निघतात, त्यामुळं असेल. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण विषय जिवाचा आहे.

प्रश्न: सर नमस्कार, माझा मुलगा अॅरिझोनात टूसॉनला एमएस करतोय. त्याच्या अपार्टमेंटजवळ एक नदी आहे म्हणे, पण तिच्यात पाणीच नसतं, नुसती वाळू. लोक तिथं कुत्री फिरवतात, पळायला जातात. परवा संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर मोठ्यानं अलार्म वाजला, पुराचा इशारा आला, आणि तो राहतो तिथं पावसाचा थेंब नव्हता, तरी थोड्या वेळात त्या वाळूतून चॉकलेटी पाणी काठोकाठ वाहायला लागलं. आम्ही लहानपणापासून पंचगंगेचं पाणी बघत आलोय, असं कधी झालेलं नाही. हे पाणी आलं कुठनं? आणि मी काळजी करायची का? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर: ताई, आधी काळजीचं बोलतो. मुलगा पात्रात उतरत नसेल आणि रस्त्यावरून पाणी वाहत असताना त्यात गाडी घालत नसेल तर घरात बसलेल्या माणसाला सहसा धोका नाही. तिथं जीव जातात ते जास्त करून या दोनच कारणांनी. त्याला एवढं एकदा फोनवर नीट सांगा, आणि पुढचंही वाचून दाखवा.

आता पाणी आलं कुठनं. आपल्याला पुराची जी सवय आहे ती पंचगंगेची. राधानगरी, गगनबावडा, दाजीपूर तिकडं दोन-तीन दिवस सलग कोसळतो, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी एकत्र येतं, राधानगरीचे दरवाजे उघडतात आणि मग राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटाफुटानं, कधी इंचाइंचानं चढते. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तेच झालं, हायवे बंद, घरं पाण्यात, नुकसान भयंकर. पण पाणी येतंय हे निदान दिसत होतं. जनावरं सोडायला, सामान माळ्यावर टाकायला बऱ्याच जणांना वेळ मिळाला (सगळ्यांना नाही मिळाला, चिखली-आंबेवाडीच्या लोकांना विचारा). वाळवंटातल्या ओढ्यात हा वेळच मिळत नाही.

अॅरिझोनातसुद्धा पावसाळा असतो, तिथलं हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतं. कॅलिफोर्नियाच्या आणि मेक्सिकोच्या आखाताकडनं ओलावा येतो, दुपारी जमीन आणि डोंगर तापतात आणि तीन-चारनंतर ढग उभे राहतात. हा पाऊस आपल्या मृगाच्या पावसासारखा नसतो, आपल्या वळवासारखा असतो: या गावाला झोडपतो आणि पलीकडच्या गावात धुरळा तसाच. टूसॉनला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्यातला साधारण निम्मा या साडेतीन महिन्यातच पडतो. एकूण पाऊस कोल्हापूरच्या मानानं किरकोळ आहे, पण तासाभरात इंच-दीड इंच ओतून मोकळा होतो, आणि तोही शहराच्या उत्तरेला कॅटालिना डोंगर आहेत तिथं, उघड्या खडकावर, तीव्र उतारावर. तिथं ना आपल्यासारखं जंगल, ना गवत, ना पाणी धरून ठेवणारी जाड माती. पडलेलं पाणी सरळ खाली निघतं, सगळ्या घळी एका ओढ्यात, ओढे त्या कोरड्या नदीत. अशा कोरड्या पात्राला तिथं वॉश म्हणतात, टूसॉनमधली रिलिटो नदी ही त्यातलीच एक मोठी. म्हणून तुमच्या मुलाच्या डोक्यावर आभाळ मोकळं आणि समोर पूर.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. हे पाणी हळूहळू वाढत येत नाही, बऱ्याचदा त्याला पुढं तोंड असतं, फेस, फांद्या, ओंडके, चिखल घेऊन आलेलं. कारण सगळ्यात पुढचं पाणी कोरड्या वाळूत मुरत आणि अडखळत चाललेलं असतं, मागनं येणाऱ्याला ओली झालेली वाट मिळते, ते जोरात येऊन पुढच्याला गाठतं, आणि पाण्याचा पुढचा भाग उभा होत जातो. पात्रात उभ्या असलेल्या माणसाला घोट्याएवढं पाणी दिसेपर्यंत मागचं छातीएवढं येऊन पोचलेलं असतं.

टूसॉनजवळच टांके व्हर्दे नावाचे धबधबे आहेत, १९८१ च्या जुलैत तिथं अशाच लोंढ्यात आठ जण गेले. २०१७ च्या जुलैत त्याच राज्यात पेसन गावाजवळ एलिसन ओढ्यावर एक कुटुंब वाढदिवसासाठी पोहायला गेलं होतं, पाऊस झाला काही मैल वर, आणि तो पडला महिनाभरापूर्वी वणव्यात जळालेल्या डोंगरावर. जळालेली जमीन पाणी आत घेतच नाही, वरच्या थरात मेणचट पापुद्रा तयार होतो, त्यात राख आणि जळकी झाडं सैल पडलेली. काळं पाणी आलं आणि एकाच घरातली दहा माणसं गेली. हवामान खात्यानं इशारा दिलेला होता, पण त्या दरीत मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून मुलाला सांगा, फोन वाजला तर ऐकायचंच, पण डोंगरात फिरायला जाणार असेल तर फोनवर विसंबायचं नाही, निघायच्या आधीच अंदाज बघायचा आणि पावसाळ्यात दुपारच्या आत ओढ्यातनं बाहेर यायचं. आणि इशाऱ्यातले दोन शब्द त्यानं पक्के समजून घ्यावेत: 'फ्लॅश फ्लड वॉच' म्हणजे पूर येऊ शकतो, तयारीत रहा, 'फ्लॅश फ्लड वॉर्निंग' म्हणजे पूर सुरू झालाय नाहीतर कुठल्याही क्षणी येतोय, आहे तिथनं उंचावर जा.

प्रश्न: सर मी बारावी सायन्सला आहे. वाळू तर पाणी पिते ना, बीचवर पाणी टाकलं की लगेच गायब होतं. मग वाळवंटात पूर यायलाच नको ना? (कसबा बावडा)

उत्तर: प्रश्न बरोबर आहे, आणि अर्धं उत्तरही बरोबर आहे. भुसभुशीत वाळू खरंच पाणी पिते, म्हणून तर वाळवंटातला पूर खाली खाली जाताना लहान होत जातो, कित्येक ओढे मोठ्या नदीला न मिळताच वाळूत संपतात. लूणी नदी बघ, अजमेरजवळ उगम पावते, थर वाळवंटातनं वाहत कच्छच्या रणात जाते आणि संपते, समुद्रापर्यंत अशी जातच नाही.

पण वाळवंट म्हणजे सगळीकडं वाळूचे डोंगर असं आपण टीव्हीवर बघून धरलेलं असतं. जगातल्या वाळवंटांचा मोठा भाग खडक, गोटे आणि कडक माती आहे. कडक उन्हात वाळलेल्या मातीवर पावसाचे टपोरे थेंब आदळले की बारीक कण फुटून वरची छिद्रं बुजतात आणि पापडी धरते. कितीतरी ठिकाणी फूट-दोन फूट खाली चुन्याचा दगडासारखा थर असतो. पाणी मुरायच्या वेगापेक्षा पडायचा वेग जास्त झाला की उरलेलं वाहणारच, मग खाली जमीन पूर्ण कोरडी का असेना.

याची आपल्या देशातली दोन उदाहरणं लक्षात ठेव. २००६ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला, कवास नावाचं गाव अख्खं पाण्याखाली गेलं, आणि वाळूखाली जिप्समचा थर असल्यानं ते पाणी मुरेना, काही महिने तिथंच साचून राहिलं. विचार कर, ज्या भागात बाया मैलोनमैल चालून पाणी आणायच्या तिथं बोटी फिरवायला लागल्या. आणि दुसरं लेह. लडाख हे थंड वाळवंटच आहे, २०१० च्या ऑगस्टमध्ये ५ आणि ६ तारखेच्या मधल्या रात्री उघड्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि पाण्यासोबत चिखल-दगडाचा लोंढा वस्तीत घुसला. दोनशेच्या वर माणसं गेली.

प्रश्न: मी टुरिस्ट गाडी चालवतो, कागल. ऑगस्टमध्ये पार्टी घेऊन जैसलमेर बाडमेर साईडला जायचंय. तिकडं रस्त्यावर पूल कमी, ओढा रस्त्यावरनंच जातो असं ऐकलंय. माझी गाडी उंच आणि जड आहे, आपल्याकडं मी बंधाऱ्यावरनं पाणी असताना पण काढलीय. किती पाण्यातनं गाडी निघू शकते ते आकडा सांगा.

उत्तर: दादा, आकडा देतो, पण तुम्ही मागताय तो नाही. वाहत्या पाण्यातनं गाडी काढायचा सुरक्षित आकडा शून्य आहे.

का ते सांगतो. गाडी पाण्यात शिरली की पाणी तिला खालनं उचलायला लागतं. अमेरिकेतला साधा हिशोब असा की पाणी एक फूट वाढलं की गाडीचं वजन साधारण सातशे किलोनं हलकं होतं. म्हणजे दीड टनाची गाडी दोन फूट पाण्यात रस्त्याला जवळजवळ टेकलेलीच नसते, टायरला पकड नाही, स्टिअरिंगला अर्थ नाही, मग बाजूनं येणारा लोट तिला सहज ढकलतो. सहा इंच जोरात वाहणारं पाणी उभ्या माणसाला पाडतं, एक फुटात लहान गाड्या तरंगायला लागतात, दोन फुटात एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा वाहून जातात. उंच गाडीचा फायदा एवढाच की माणूस जास्त आत गेल्यावर अडकतो. अमेरिकेत पुरात बुडून मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक गाडीतच असतात, कोणी घरात झोपलेलं नसतं.

आणि हे झालं स्वच्छ पाण्याचं. वाळवंटातल्या लोंढ्यात वाळू-चिखल इतका असतो की तो पाण्यापेक्षा जड, त्याचा धक्का जास्त. शिवाय पाण्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. राजस्थानात असा जो रस्ता ओढ्यातनंच जातो त्याला रपट म्हणतात, त्याच्या कडेची माती लोंढा आधी खातो, मग डांबर खालनं पोकळ होतं आणि वरनं बघणाऱ्याला पाणी फक्त गुडघाभर वाटतं. तुम्ही बंधाऱ्यावरनं गाडी काढली म्हणताय, तिथं खाली काँक्रीट आहे हे तुम्हाला माहीत होतं, तरी आपल्या जिल्ह्यात बंधाऱ्यावरनं वाहून गेलेली माणसं काय कमी नाहीत. मागं पार्टी बसलेली असताना तर हा धोका तुम्ही त्यांच्या वतीनं घ्यायचाच नाही, कितीही घाई करू देत, शिव्या देऊ देत.

अॅरिझोनात १९९५ पासून कायदाच आहे, पुरामुळं बॅरिकेड लावलेल्या रस्त्यात गाडी घातली आणि अडकली तर सोडवायचा खर्च चालकाकडनं घेतात, दोन हजार डॉलरपर्यंत. आपल्याकडं पण असं काहीतरी व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण वाचवायला दोर बांधून पाण्यात उतरणारी पोरं पण कुणाची तरी असतात.

तुमच्या कामाची एक चांगली गोष्ट सांगतो: हे पाणी जसं झटकन येतं तसंच झटकन उतरतं. पंचगंगेसारखं आठ-आठ दिवस थांबत नाही, बऱ्याचदा काही तासांत ओढा परत रिकामा होतो. लांब उंचावर गाडी लावा, पार्टीला चहा पाजा, थांबा. रात्रीचं मात्र चालवूच नका, पाणी दिसेपर्यंत बोनेट आत गेलेलं असतं. मुक्कामाला गाडी वाळूच्या सपाट पात्रात लावू नका, जागा कितीही मऊ आणि मोकळी दिसू दे. आणि पाणी उतरल्यावर पण आधी चालत जाऊन रपट शाबूत आहे का बघून या, मगच टायर टाका.

प्रश्न: आम्ही ट्रेक ग्रुपवाले, पावनखिंड, रांगणा सगळं झालंय. ग्रुपमधले दोघे अमेरिकेत आहेत, ऑगस्टमध्ये अँटीलोप कॅन्यन आणि झायनला जायचं चाललंय. फोटोत दिसतात त्या अरुंद घळी. गाईड असतो म्हणजे सेफच ना?

उत्तर: गाईड असतो हे चांगलंच, पण अँटीलोपमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला पर्यटकांसोबत गाईड होता. पाऊस घळीवर जवळजवळ नव्हताच, तो झाला कित्येक मैल वर, पाणी त्या अरुंद फटीत शिरलं आणि अकरा पर्यटक गेले. गाईड तेवढा वाचला. तिथल्या लाकडी शिड्याही वाहून गेल्या. नंतर जमिनीत पक्के ठोकलेले लोखंडी जिने आले, हवामानाचा रेडिओ आणि भोंगा आला, पावसाचा अंदाज असेल तर टूर बंद ठेवतात. त्यामुळं अँटीलोपला अधिकृत टूरबरोबर जायला मी नको म्हणणार नाही, त्यांनी टूर रद्द केली तर मात्र पैसे गेले म्हणून दुसरी घळ शोधत बसू नका.

झायनचं वेगळं आहे, तिथं लोक स्वतः दोर लावून घळीत उतरतात. १४ सप्टेंबर २०१५ ला कीहोल नावाच्या घळीत सात जणांचा ग्रुप उतरला आणि लोंढ्यात सातच्या सात गेले. त्याच दिवशी त्याच पावसात, तिथनं फार लांब नाही अशा हिल्डेल गावात बायका-मुलं असलेल्या दोन गाड्या ओढ्यानं नेल्या.

घळीत सगळ्यात वाईट काय, तर वर चढायला जागाच नसते. मोकळ्या ओढ्यात दहा पावलं बाजूला गेलं की माणूस वाचतो. घळीत दोन्हीकडं गुळगुळीत भिंत, आभाळाची एक चिरी दिसते, वर कुठं ढग जमलेत ते कळतच नाही, आणि जे पाणी बाहेर शंभर फूट पसरलं असतं ते तिथं सहा फुटात मावायला बघतं म्हणून भिंतीवर उंच चढतं. वीस-तीस फूट वर अडकलेला ओंडका दिसला तर तो कुणी नेऊन ठेवलेला नाही हे ओळखा. पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहत आला, गार वारा सुटला, लांबनं सलग घरघर ऐकू आली, यातलं एक जरी झालं तरी बॅगा टाकून वर जायचं. पण खरं सांगायचं तर ही चिन्हं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, घळीत उतरायचं की नाही हा निर्णय सकाळी वरच व्हायला हवा, आणि तो घळीच्या वरच्या बाजूच्या सगळ्या पाणलोटाचा अंदाज बघून.

ही माहिती हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांना होती बरं का. जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या जुन्या नगरीला जायची वाट अशीच एक घळ आहे, ती नगरी वसवणाऱ्या नबाती लोकांनी तिच्या तोंडाशी बंधारा घालून आणि खडकात बोगदा पाडून पुराचं पाणी दुसरीकडं वळवलं होतं. ती व्यवस्था निकामी झाली होती, त्या काळात १९६३ च्या एप्रिलमध्ये तिथं वीसच्या वर फ्रेंच पर्यटक बुडाले, मग परत बंधारा बांधला.

तुमच्यापैकी जे इथंच आहेत त्यांच्यासाठी: साम्रदची सांदण दरी वाळवंटात नाही, पण घळ तीच. पावसाळ्यात तिथं उतरायचा विषयच काढू नका.

प्रश्न: मी मूळचा गडहिंग्लजचा, सध्या शारजाहला आहे. इथं पाऊस पडला की लोक मुद्दाम गाड्या घेऊन वादी, म्हणजे इथले एरवी कोरडे असणारे ओढे, बघायला जातात. मित्र बोलवतात. जाऊ का?

उत्तर: नको. तिथं २०२३ पासून पाऊस-पूर चालू असताना वादीत गाडी घातली तर दोन हजार दिरहम दंड, लायसनवर २३ ब्लॅक पॉइंट आणि गाडी ६० दिवस जप्त असा नियम आहे. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनकडं एका दिवसात २५४ मिलिमीटर पडला तेव्हा तिथलं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं असेल. व्हिडिओ बघायचा असेल तर घरात बसून बघा, आणि आईला फोन करा.

प्रश्न: माझी थोडी जमीन शिरोळ तालुक्यात आणि थोडी सासुरवाडीकडं जतला आहे. शिरोळला पाण्यानं पीक कुजतंय, जतला पाण्यावाचून जळतंय. वाळवंटातलं हे लोंढ्याचं पाणी असंच वाया जातं का, का तिकडचे शेतकरी काही करतात?

उत्तर: करतात, आणि मला या सगळ्या विषयातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

जैसलमेरकडं खडीन नावाची पद्धत आहे, पंधराव्या शतकात पालीवाल ब्राह्मणांनी सुरू केली असं मानतात. वर खडकाळ माळ, खाली खोलगट जमीन, आणि त्या खोलगट जमिनीच्या खालच्या अंगाला मातीचा लांबच लांब बांध. पावसाळ्यात माळावरचं पाणी लोंढ्यानं येतं ते बांधाला अडतं, सोबत आणलेला गाळ बसतो, पाणी हळूहळू मुरतं, आणि जास्त झालेलं सांडव्यावरनं पुढच्या खडीनात. थंडी सुरू होईपर्यंत जमीन उघडी पडते, खोलवर ओल असते, तिच्यावर हरभरा-गहू घेतात, वरनं पाणी न देता. वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस असलेल्या भागात! म्हणजे माळावरचा पाऊस एका शेतात गोळा करायचा. खालच्या बाजूला विहीर काढली तर तिला पिण्याचं पाणी पण लागतं.

आणि बघा, अॅरिझोनात तोहोनो ओओधाम नावाचे तिथले मूळ लोक अगदी तशीच शेती करत आले. वॉश जिथं डोंगरातनं बाहेर पडून सपाटीवर पसरतो तिथं काटक्या-मातीचे हलके बांध घालून पाणी पसरवायचं, पहिला लोंढा येऊन गेला की ओलीत टेपरी नावाचा बारका घेवडा टोचायचा, जो थोड्या दिवसांत तयार होतो आणि उन्हाला दाद देत नाही. लोंढ्यासोबत आलेला पालापाचोळा हेच खत. ज्या पुरात उतरला तर माणूस मरतो, त्याच पुराची ही लोकं वाट बघत बसायची, पण राहायची मात्र पात्रापासून बाजूला.

जतला हे जमेल का? तुमच्या रानाच्या वर मोकळा खडकाळ माळ किती आहे त्यावर सगळं आहे. खडीनात शेताच्या दहा-पंधरा पट माळ पाण्यासाठी लागतो, आणि तो माळ तुमच्या एकट्याचा नसणार, म्हणजे वरच्या शेजाऱ्याशी आणि खालच्या शेजाऱ्याशी आधी बोलणं आलं. नुसता बांध घालून सांडवा काढला नाही तर एका वळवात बांध फुटेल आणि खालच्याचं रान धुऊन जाईल, हे लिहून ठेवा. सांडवा कडक मुरुमात किंवा दगडी पिचिंगचा काढायचा, बांधाच्या माथ्यापेक्षा चांगला खाली ठेवायचा. तुमच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या माणसाला जागेवर नेऊन उतार मोजून घ्या, आणि जमलं तर मे महिन्यातल्या एखाद्या वळवात स्वतः रानात (ओढ्यात नाही, बांधावर) उभं राहून पाणी कुठनं शिरतं आणि कुठं थांबतं ते बघून खुणा करून ठेवा. मोजमाप आलं की परत लिहा, बांधाची लांबी आणि सांडव्याची रुंदी काढायला मी मदत करतो.